सिंदफणेचं मुख

नदीचं मुख म्हटलं की डोळ्यांसमोर कोकण येतं. आमच्या बीडला समुद्र कुठला? पण माजलगाव तालुक्यातल्या मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते, आणि मला तेवढं पुरतं. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी. उन्हाळ्यात तिची वाळूच जास्त दिसते. पावसाळ्यात मात्र गढूळ पाणी घाटाला लागलं की गावाची तऱ्हाच बदलते.

लोक मंजरथला दक्षिण प्रयाग म्हणतात. लक्ष्मी-त्रिविक्रमाचं देऊळ आहे, पण घाटावर जास्त गर्दी दशक्रियेला आलेल्यांची. त्यामुळे इथे कुणी मजेला येत नाही. मला ते बरंच वाटतं. उघड्या अंगाने पिंड वाहणारा मुलगा आणि शेजारीच पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी; कुणालाच त्यात काही विसंगत वाटत नाही.

आज घाटावर बसून एक गंमत सुचली. पैठणचा उजवा कालवा गोदेचं पाणी माजलगावच्या धरणात आणतो, म्हणजे थेट सिंदफणेत. मंजरथला भेटण्याआधीच दोघींची ओळख झालेली असते!

याच गोदेकाठी, वरच्या अंगाला, राक्षसभुवन. 10 ऑगस्ट 1763 रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी तिथे निजामाचा पराभव केला. त्याची तारीख आपण शाळेत पाठ करतो, नदी मात्र पाहत नाही. बीडकरांनो, पाऊस चांगला झाला की एकदा मंजरथला जा. कुणाचं कार्य नसलं तरी जा.