गोदाकाठची स्वदेशी लेखणी

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात पोहोचते, तेव्हा तिचे रूप पार पालटलेले असते. राजमहेंद्रीपाशी तिचे पात्र इतके विस्तारते की, १९७४ साली खुला झालेला तिथला रेल्वे व रस्त्याचा पूल चार किलोमीटरहून अधिक लांब आहे. अकराव्या शतकात राजराज नरेंद्राच्या दरबारात नन्नय्या या कवीने महाभारत तेलुगूत आणण्यास आरंभ केला, तो याच नगरीत. अक्षरांशी असे जुने नाते असलेल्या या शहराने विसाव्या शतकात देशाला एक लेखणीही दिली. तिचे नाव ‘रत्नम’ पेन.

कोसुरी वेंकटरत्नम हे कसबी कारागीर. काही तरी उपयोगी वस्तू बनवायची, तर टाचणीपासून पेनापर्यंत सामान्य माणसाच्या रोजच्या वापरातले काही बनवा, असा सल्ला महात्मा गांधींनी त्यांना दिला, अशी आठवण सांगितली जाते. त्या काळी विलायती कापडाची होळी करणाऱ्यांच्या खिशालाही परदेशी पेनच असे. रत्नम यांनी १९३२ साली पेन तयार करायला सुरुवात केली. तिकडे मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईचा व्यवसाय सुरू केला होता. शाई आणि लेखणी, दोन्ही देशी व्हावीत, असे ते दिवस होते.

परंतु नुसते ‘स्वदेशी’ म्हणून भागणार नव्हते. पेन गळता कामा नये, कागदावर अडखळता कामा नये. वर्ध्याच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत रत्नम यांनी आपले पेन गांधीजींकडे पाठवले. गांधीजींनी ते आधी वापरून पाहिले आणि मगच जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून आभाराचे पत्र लिहिले. बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, एवढाच त्यांचा मोजका अभिप्राय होता. रत्नम यांच्यासाठी तो मानपत्राहून मोठा ठरला.

या पेनात एवढे विशेष काय? ते एबोनाइटचे असते. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवले की लाकडासारखा कठीण पदार्थ बनतो, तोच एबोनाइट. त्याची कांडी लेथवर चढवून कारागीर ती आतून पोखरतो, टोपण आणि नळी यांचे आटे जुळवतो आणि शेवटी घासूनपुसून चकाकी आणतो. निबखालच्या पट्टीतील बारीक खाचेतून शाई उतरते. ही खाच फार रुंद झाली तर ठिपका पडतो, अरुंद झाली तर अक्षर तुटते. इथे यंत्रापेक्षा कारागिराचे बोट आणि डोळा यांवरच अधिक भिस्त असते.

स्वस्त बॉलपेन आले आणि शाईच्या पेनांचा जमाना ओसरला. दौत, ड्रॉपर आणि निळी बोटे शाळेतून हद्दपार झाली. तरीही राजमहेंद्रीत रत्नम यांच्या पुढच्या पिढ्यांनी हा उद्योग चालू ठेवला. शहराचे अधिकृत नाव २०१५ मध्ये पुन्हा राजमहेंद्रवरम झाले, पण पेनशौकिनांच्या लेखी ते ‘रत्नम’चेच गाव राहिले.

असे पेन जपायचे तर थोडी काळजी हवी. ते साध्या पाण्याने धुवावे. गरम पाण्याने किंवा उन्हाने एबोनाइटचा काळा रंग विटतो. शाई तळाला आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगून कागदावर थेंब पडतो. म्हणून नळी वेळीच भरावी.

बॉलपेन संपले की फेकायचे; या पेनाची निब बदलता येते, आटे दुरुस्त करता येतात. आजोबांचे पेन नातवाच्या हातीही लिहिते. गांधीजींनी हवी असलेली उपयोगी वस्तू ती हीच. मात्र ती तशीच पुढे मिळत राहायची, तर लेथवर बसणारा नवा हातही हवा आणि त्या पेनाने चार ओळी लिहिणारा माणूसही.