नऊशेचे हजार

उर्दूत बोलताना 'हम' म्हणायची आम्हाला लहानपणापासूनची सवय. मराठीत लिहायला बसलो की तोच 'हम' 'आम्ही' होऊन येतो. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. आमच्या घरात कुणी 'मैं, मैं' करू लागला की अम्मी विचारायची, "अकेला पैदा हुआ था क्या?"

सातवीच्या गणितात 'बँक व सरळव्याज' असा एक पाठ आहे. मराठी शाळेत तो दोन तासांत संपतो. आमच्या उर्दू शाळेत संपत नाही, कारण फळ्यावर 'सूद' हा शब्द लिहिला की वर्गात चुळबुळ सुरू होते. मुलं घरी आणि मदरशात ऐकून आलेली असतात की सूद हराम आहे. आणि इथे सर स्वतःच्या हाताने सूद काढायला शिकवतात! दरवर्षी कुणी तरी हात वर करतो. आम्हीही दरवर्षी सांगतो, बाबांनो, ज्या आगीपासून लांब राहायचं ती ओळखता तर आली पाहिजे.

२०२० सालच्या जानेवारीत मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बोलणारी नव्हे, अक्षर सुंदर असलेली. तिने विचारलं, "सर, सुबह नऊ सौ लिये और शाम को हजार दिये, तो दर कितना हुआ?"

आम्ही उत्साहाने खडू उचलला. मुद्दल नऊशे, व्याज शंभर, मुदत एक दिवस. एका दिवसाला अकरा टक्क्यांहून थोडं जास्त. मग म्हटलं, वर्षात धंद्याचे दिवस तीनशे धरा. मुलांनी मांडलं. तीनशे दिवसांचे तीस हजार रुपये व्याज, मुद्दल मात्र तेच नऊशे. दर आला शेकडा ३,३३३. एक मुलगा हसला, त्याला वाटलं उत्तर चुकलं. आम्हीही पुन्हा गुणाकार करून पाहिला. उत्तर बरोबर होतं. तोवर ती मुलगी खाली बसली होती आणि वहीवर हात आडवा ठेवून तिने काही झाकून घेतलं होतं. ते उदाहरण पुस्तकातलं नव्हतं, तिच्या घरातलं होतं, हे कळायला आम्हाला मधल्या सुट्टीपर्यंत वेळ लागला. गणित शिकवणाऱ्या माणसाला असं होता कामा नये.

आणि आम्हाला तर मुळीच नाही. कारण आमचे अब्बाही गाडीवालेच.

अब्बांनी सत्तावीस वर्षं फळांची हातगाडी लावली. पहाटे पंचवटीतल्या मार्केट यार्डातून माल आणायचा, दहापर्यंत जुन्या नाशकात उभं राहायचं. कधी दूध बाजार, कधी भद्रकाली, बुधवारी गोदाघाटावरचा बाजार. पेरू, केळी, सीताफळ, द्राक्षांच्या दिवसांत द्राक्ष. २००३ च्या सिंहस्थात आम्ही दोघे भाऊ त्यांच्या हाताखाली होतो. उपवासाचे यात्रेकरू केळी घ्यायचे आणि अब्बा त्यांना डाग नसलेली शोधून द्यायचे. "अल्लाहचे पाहुणे कुणाच्याही दारी आले तरी पाहुणेच," असं म्हणायचे. त्या वर्षीच्या कमाईतून आमची अकरावीची फी निघाली. पुढे डी.एड. नाही, एकदम बी.एड. पर्यंत गेलो, ते त्या गाडीच्या दांड्याला धरूनच.

गाडी मात्र अब्बांची नव्हती. रोजच्या भाड्याची होती. आणि मालाचे पैसेही त्यांचे नव्हते. पहाटे यार्डाच्या रस्त्यावर एक माणूस चहाच्या टपरीशी बसायचा. त्याच्याकडून नऊशे घ्यायचे, रात्री हजार द्यायचे. कागद नाही, सही नाही, जामीन नाही. पाऊस पडला, माल उरला, पोर आजारी पडलं, तरी हजार. आमच्या घरात त्या शंभर रुपयांना 'सूद' असं कधीच कुणी म्हटलं नाही. 'चाचा का सौ' म्हणायचे. बँकेत जायचं मात्र अब्बा टाळायचे, कारण तिथे सूद असतो.

नाशकात येण्याआधी अब्बा दुसऱ्या एका शहरात गाडी लावत. त्याचं नाव इथे नको. तिथे एकदा पेरूंनी भरलेली गाडी उचलून नेली. चौथ्या दिवशी दंड भरून सुटली, तेव्हा पेरूंचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. अम्मी सांगते, अब्बांनी ते पेरू फेकले नाहीत, रात्रभर निवडत बसले. आज कायदा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यावा लागतो, इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. आम्ही हे अब्बांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ये उर्दू में कहाँ लिखा है?" प्रश्न थट्टेचा नव्हता. आमच्या मोहल्ल्यातल्या किती गाडीवाल्यांना माहीत आहे की शहर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा त्यांच्याच निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या असतात, आणि त्यांत अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व द्यावं असं कायदाच म्हणतो? सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं होतं की देशातल्या मुस्लिम पुरुष कामगारांपैकी बारा टक्के रस्त्यावर विक्री करतात, सर्वांची सरासरी आठ टक्क्यांच्या आतली. म्हणजे हा कायदा इतरांपेक्षा आमच्याच उंबऱ्याशी जास्त येऊन उभा आहे. आम्ही मात्र दार उघडून बघितलेलं नाही.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद, गाड्या बंद. १ जून २०२० ला केंद्र सरकारने पीएम स्वनिधी योजना काढली. फेरीवाल्याला तारण न घेता दहा हजारांचं खेळतं भांडवल, वर्षभरात हप्त्यांनी फेड, वेळेवर फेडलं तर सात टक्के व्याज सरकार परत देणार, आणि मोबाइलवरून पैसे घेतले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत वर. पैसा बँकेचा, सवलत दिल्लीची. मग शहराच्या महापालिकेचं यात काय? एक कागद. ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, ज्याचं नाव पाहणीत राहून गेलं, त्याला महापालिकेने शिफारसपत्र द्यायचं की हा माणूस आमच्या शहरात खरोखर विक्री करतो.

आधी आम्हाला वाटलं, एवढंच? नंतर कळलं की सगळं त्यातच आहे. रेशनकार्डावर माणूस कुटुंबप्रमुख असतो, मतदारयादीत मतदार. तो धंदेवाईक आहे असं सांगणारा एकही कागद आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाजवळ नव्हता. वीस वर्षं तो ज्या कोपऱ्यावर उभा राहतो, त्या कोपऱ्याला तरी तो माहीत आहे की नाही, कोण जाणे.

ऑक्टोबरमध्ये त्या मुलीचे वडील आमच्या घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधारकार्ड, पासबुक आणि चार संत्री. "सर, फारम भरना है." अर्जाचं काम दोन दिवस चाललं. आधारवर शेख एका तऱ्हेने, पासबुकात दुसऱ्या, रेशनकार्डावर तिसऱ्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वी हरवलेल्या फोनचा. सही उर्दूत, उजवीकडून डावीकडे, आणि चौकट एवढीशी की 'अब्दुल' मध्येच अडकायचा. पुरावा म्हणून काय लावायचं? तेव्हा अब्बा उठले आणि कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांच्या बाजाराच्या पावत्या होत्या, रोजच्या जागेच्या फीच्या. पिवळ्या, गुलाबी, शाई उडालेल्या, वर्षावर्षाच्या जुड्या दोऱ्याने बांधलेल्या. अम्मी त्या डब्यावरून त्यांना कायम बोलायची. अब्बा पाहुण्याला म्हणाले, "तुम्हारी भी होंगी, घर जाके ढूँढो." त्यांच्या सापडल्या, अकरा. धान्याच्या डब्याखाली अंथरलेल्या. त्या अर्जाला लागल्या, साध्या कागदावर विनंती लागली, आणि शिफारसपत्र आलं.

पत्र हातात घेऊन ते आनंदाने निघतील असं आम्हाला वाटलं होतं. ते दाराशी थांबले. चपला घातल्या, पुन्हा काढल्या. म्हणाले, "सर, इसमें सूद है ना?"

आता आम्ही मुफ्ती नाही. हराम-हलालचा निवाडा करायचा आमचा अधिकार नाही, तेव्हाही नव्हता, हे लिहितानाही नाही. आम्हाला आकडे येतात. ते मांडले. व्याज बारा टक्के धरा. दहा हजारांवर वर्षाच्या समान हप्त्यांत सहाशे साठच्या आसपास व्याज जातं. त्यातले सरकारकडून पावणेचारशेहून थोडे जास्त परत. उरले पावणेतीनशे, वर्षाचे. तिकडे टपरीवर तीन दिवसांचे तीनशे.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिसाब तो ठीक है, सर. पर पावणेतीनशे भी सूद ही है."

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं. लाहोरमध्ये डॉ. अमजद साकिब यांनी २००१ पासून 'अखुवत' नावाने कर्ज-ए-हसनचं काम उभं केलं. बिनव्याजी छोटी कर्जं, तीही मशिदीत सर्वांसमोर वाटायची. आपल्याकडेही मोहल्ल्या-मोहल्ल्यात बैतुलमाल आहेत, पण ते मय्यत, लग्न आणि औषधापलीकडे क्वचितच जातात. विधवेला शिलाई मशीन देतात, पण कापड घ्यायला भांडवल देत नाहीत. आम्ही हे बोललो की लोक मान डोलावतात आणि विषय रमजानच्या चंद्रावर नेतात.

तेव्हा बोलले ते अब्बा. पलंगावर पाय लोंबकळत ठेवून, आमच्याकडे न बघता. म्हणाले, "बँकेचा सूद कागदावर दिसतो, म्हणून आपण घाबरतो. त्या टपरीवाल्याचा कधी दिसलाच नाही. सत्तावीस वर्षं मी त्याला सूद म्हटलं नाही. चाचा का सौ म्हटलं. आता अल्लाहला काय सांगू, मला हिशेब येत नव्हता?"

आम्ही आयुष्यात अब्बांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

त्यांनी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. काय सांगितलं ते आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आठवड्याने आले आणि म्हणाले, चला.

पहिल्या शाखेत काम झालं नाही. पत्ता ऐकल्यावर समोरच्या माणसाने पेन खाली ठेवला आणि उद्या या म्हणाला. तिसऱ्या 'उद्या'नंतर आम्ही दुसऱ्या शाखेत गेलो. बँकांनी मुस्लिम वस्त्या 'नकारात्मक भाग' म्हणून बाजूला ठेवल्याची नोंद सच्चर अहवालात आहे. आम्ही ती कधी तरी टिपून ठेवली होती. त्या बाकावर बसल्यावर ती टिपण्याची गरज नव्हती असं वाटलं. दुसऱ्या शाखेतल्या बाईंनी कागद बघितले, पावत्या बघून हसल्या, म्हणाल्या, "माझे वडील भाजी विकायचे." दहा हजार जमा झाले.

त्यातून त्यांनी जुनी हातगाडी विकत घेतली आणि उरलेल्यात माल भरला. टपरीशी जाणं लगेच थांबलं नाही, खोटं कशाला सांगू. पावसाळ्यात दोनदा गेले. मग थांबलं. कर्ज वेळेत फिटलं, २०२२ मध्ये वीस हजारांचं दुसरं मिळालं, तेही फिटलं. तिसऱ्याच्या वेळी योजनेची मुदत डिसेंबर २०२४ ला संपून गेलेली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिलं कर्ज पंधरा हजार, दुसरं पंचवीस, तिसरं पन्नास, आणि दुसरं फेडणाऱ्याला क्रेडिट कार्ड. कार्ड त्यांनी नको म्हटलं. "वो चाचा जेब में लेके घूमने का," असं त्यांचं म्हणणं.

पैसा आता मिळतो. जागा मिळत नाही. रस्ता सुधारला की गाडी हलते, सण आला की हलते, बंदोबस्त आला की हलते. सिंहस्थाची तयारी म्हणजे तर शहर पुन्हा सगळं उपसणार. दहा हजारांनी गाडी घेता येते, ती लावायला साडेचार फूट जमीन कुठल्याच कर्जात बसत नाही. ते काम कुठल्या बँकेचं नाही, दिल्लीचंही नाही, ते शहराचंच आहे.

मागच्या महिन्यात बाप-लेक दोघे आले. मुलगी आता कॉमर्सला आहे. आम्ही पेन काढलं, तर म्हणाली, "सर, आप बैठो, मैं भरती." तीनही कागदांवरचं शेख तिने एकसारखं करून आणलं होतं. भराभर भरत गेली आणि विक्रीच्या ठिकाणाशी थांबली.

"अब्बू, कहाँ लिखूँ?"

ते विचारात पडले. सकाळी दूध बाजार, दुपारी सावली जिकडे असेल तिकडे, बुधवारी घाट. अब्बा पलंगावरून म्हणाले, "दूध बाजार लिख. वहाँ की पावती है अपने पास."

तिने लिहिलं. अक्षर अजून तसंच आहे.