घाट, गाडी आणि गरम डोकं

मे महिन्यातला कुठलाही शनिवार घ्या. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की साधारण ६५ किलोमीटरवर खंबाटकी घाट लागतो आणि सकाळी दहानंतर तिथे एक फुकट प्रदर्शन भरलेलं असतं. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून ओळीनं उभ्या गाड्या! कुणी बिसलेरीची बाटली घेऊन रेडिएटरकडे संशयानं बघतंय, कुणी मोबाइलवर ‘अरे, घाटातच आहोत अजून’ म्हणतंय, मागच्या सीटवर गॉगल लावलेली फॅमिली चिप्स संपवतेय. सगळ्यांना महाबळेश्वरला लंचला पोचायचं असतं. सगळ्यांच्या मागे दोन किलोमीटरचा जाम असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, घाटात गाड्या गरम होऊन बंद पडल्या, वाहतूक कोंडी. दरवर्षी तीच बातमी, फक्त तारीख वेगळी.

आमच्या घरच्यांनीही या प्रदर्शनात एकदा भाग घेतला होता. २०१९मध्ये. ताईचे सासू-सासरे गाडीत, बाबा ड्रायव्हिंग सीटवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट. घाटाच्या शेवटच्या चढावर बॉनेटखालून ‘फस्स’ झालं आणि समोरची काच वाफेनं पांढरी झाली. वरचा होज पाइप फुटला होता. गाडी टो करून आणली, हेडला फेसिंग मारावं लागलं, बिल वेगळंच. पण खरं नुकसान बिलात नव्हतं. त्या दिवसापासून बाबांनी घाट सोडला. शहरात चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस झेन घेऊन फक्त मंडईपर्यंत जायला लागला. ‘म्हातारी झालीय ती आता,’ म्हणायचे. गाडीबद्दलच बोलायचे असं मला दरवेळी वाटायचं नाही.

गाडी २००१ची झेन. ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम इंजिन. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग, मग दर पाच वर्षांनी तेच, ते सगळं बाबांनी नियमानं केलेलं. २०२४च्या मार्चमध्ये एका एजंटानं घरी येऊन गाडीला जी किंमत सांगितली, त्यात एक बरा फोन येईल. आई म्हणाली, ‘देऊन टाका, पार्किंग तरी मोकळं होईल.’ बाबा काही बोलले नाहीत. मी म्हटलं, एक महिना द्या मला. मे महिन्यात आपण पाचगणीला जाऊ. याच गाडीनं. गेलो तर ठेवू, नाहीतर एजंटाला फोन करू.

ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. ‘झूमवरून कॉल घेशील का घाटातून?’ वगैरे.

तर पहिला स्टॉप पाचगणी नव्हे, नाना पेठ! पुण्यात जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांची ही पंढरी. अरुंद गल्ल्या, फुटपाथपर्यंत आलेले सायलेन्सर, फॅनबेल्टच्या माळा, आणि ‘झेनचा खालचा होज’ एवढंच म्हटलं की मान वर न करता हात मागे घालून नेमका तोच काढणारे दुकानदार. मॉलमध्ये ही मजा नाही. तिथल्या एका रेडिएटरवाल्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला. ‘काटा कुठे असतो?’

‘खालीच. कधी पाव भागाच्या वर येतच नाही,’ बाबा जरा अभिमानानं म्हणाले.

‘मग वॉल काढलाय कुणीतरी.’

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधला छोटा दरवाजा. सकाळी इंजिन थंड असताना तो बंद असतो, म्हणून इंजिन पटकन तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडतो आणि गरम पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजवाल्यांचा एक लाडका फंडा आहे. गाडी गरम होते? वॉल काढून फेका, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो! २०१९नंतर ज्या गॅरेजमध्ये काम झालं तिथे नेमकं हेच केलेलं निघालं. वर साधं नळाचं पाणी भरलेलं. परिणाम असा, की इंजिन शहरात कायम अर्धवट थंड, त्यामुळे पेट्रोल जास्त जाणार आणि झीजही जास्त. आणि घाटात? घाटात उपयोग शून्य, कारण खरा आजार रेडिएटरच्या आत तसाच.

तो आजार काकांनी नळ उघडून दाखवला. रेडिएटरमधून जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणणं हा पाण्याचा अपमान. तपकिरी, चहाच्या गाळासारखं. बोअरचं, नळाचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की क्षार नळ्यांच्या आत बसतात, घरातल्या गीझरमध्ये बसतात तसेच. त्यात गंज मिसळतो. नळ्या अर्ध्या बुजतात. सपाट रस्त्यावर उरलेल्या अर्ध्यांवर काम भागतं. चढावर भागत नाही.

थोडं सायन्स चालेल ना? पेट्रोल जाळून जेवढी ऊर्जा मिळते, त्यातली साधारण एक तृतीयांश या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. घाटात इंजिन जीव काढून काम करत असतं, म्हणजे उष्णता भरपूर. पण गाडीचा वेग वीस-पंचवीस, म्हणजे समोरून येणारा वारा जवळजवळ नाहीच. त्यात एसी चालू असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच गरम हवा सोडत बसलेला. अशा वेळी रेडिएटरची प्रत्येक नळी मोकळी हवी आणि पंखा वेळेवर लागायला हवा. पार्टीला निम्मे लोक येणार असं धरून केलेला स्वयंपाक आणि अख्खी सोसायटी दारात, असं होतं जुन्या गाडीचं घाटात.

आमचा रेडिएटर बाबांनी कधीतरी तांब्याचा टाकून घेतला होता, ते बरं झालं. त्याची टाकी उघडून नळ्यांमधून बारीक पट्टी घालून गाळ काढता येतो. याला रॉडिंग म्हणतात. एक दिवस त्यातच गेला. नवा थर्मोस्टॅट बसला. वरचा, खालचा आणि हीटरकडे जाणारे, असे सगळे होज एकदम बदलले. ‘एक फुटला की बाकीचे त्याच वयाचे असतात,’ हा काकांचा हिशेब मला एकदम पटला. रबराची परीक्षा त्यांनी शिकवली ती अशी. इंजिन पूर्ण गार असताना पाइप दाबायचा. चेंडूसारखा परत आला तर ठीक. लिबलिबीत लागला, फुगलेला दिसला किंवा आतून कटकट आवाज आला, तर तो गेला.

मग झाकण. हो, रेडिएटरचं झाकण! मला वाटायचं झाकण म्हणजे झाकण. पण त्याच्यावर ०.९ असा आकडा असतो आणि आत स्प्रिंग. ते पाणी दाबाखाली ठेवतं, त्यामुळे पाणी उकळायला साधारण वीस अंश जास्त लागतात. प्रेशर कुकरचीच गोष्ट, फक्त शिट्टी न होऊ देणारी. रबर वाळलं की दाब सुटतो आणि चांगली गाडीसुद्धा उकळते. सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त पार्ट हाच, आणि हाच कुणी बदलत नाही.

शेवटी कूलंट. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो तेच. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू आणखी वर जातो आणि त्यातल्या गंजरोधकांमुळे आतला धातू सांभाळला जातो. ती रसायनं संपतात, म्हणून आमच्यासारख्या जुन्या गाडीत दोनेक वर्षांनी ते बदलायचं. हिरवं दिसतंय म्हणजे चांगलं आहे असं नाही. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकमेकांत ओतायची नाहीत. आणि एक महत्त्वाचं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. काका जुनं पाणी कॅनमध्ये धरत होते. गल्लीतल्या दोन कुत्र्यांकडे बघून म्हणाले, ‘यांच्यासाठी.’

भरताना झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, होज मधून मधून दाबायचा, बुडबुडे येत राहतात. आत हवा अडकली तर काटा खोटं बोलतो. पंखा स्वतःहून सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला, तेव्हा कुठे काकांनी झाकण लावलं. सगळं मिळून सहा हजारांच्या आत. दोन आठवडे मी रोज सकाळी गार इंजिनवर बाटलीतली लेव्हल बघितली, एकदा जुन्या कात्रज घाटात रंगीत तालीम केली आणि मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो.

पहाटे निघणं हासुद्धा मेन्टेनन्सच आहे. फक्त त्याचे पैसे लागत नाहीत. पण आईच्या दशम्या आणि बाबांचा चहा यात शिरवळला साडेसात झाले आणि खंबाटकीच्या पायथ्याशी आठ. तेव्हा साताऱ्याकडे जाताना जुना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, अशी व्यवस्था होती. (घाटाआधीचं गाव खंडाळाच आहे, पण सिनेमावालं नव्हे. आईनं हा जोक दरवर्षी करायचाच असतो.) मी चालवत होतो, बाबा शेजारी. दोन वळणं झाली आणि पुढे ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रकसारखा काहीतरी अवाढव्य प्रकार रांगत होता. जाम!

एसी बंद केला, काचा खाली. तिसऱ्यात गुरगुरत ओढण्याऐवजी दुसऱ्यात ठेवली. या इंजिनात पाण्याचा पंप बेल्टवर फिरतो, इंजिन जरा जोरात फिरलं की पाणीही जोरात फिरतं. काटा अर्ध्यावर आला. बाबांचं लक्ष दरीकडे नव्हतंच, ते काट्याकडे बघत होते. मग पुढून ‘घुर्रर्र’ आवाज आला. पंखा. काटा केसभर खाली आला. पंखा बंद. दोन मिनिटांनी पुन्हा घुर्रर्र. तिसऱ्या वेळी बाबा पुटपुटले, ‘लागतोय वेळेवर.’

तशी वेळ आलीच असती तर काय करायचं, हे ठरलं होतं. काटा वर चढायला लागला की हीटर फुल! मे महिन्यात घाम निघतो, पण हीटर म्हणजे छोटा दुसरा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तुमच्या पायांवर ओततो. तरीही चढला तर गाडी बाजूला, इंजिन बंद, बॉनेट वर आणि किमान अर्धा-पाऊण तास गप्पा. झाकणाला हात नाही. गरम झाकण उघडलं की आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

काहीच करावं लागलं नाही. पलीकडे उतरलो, सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो आणि जुन्या वडांच्या सावलीतून वाईत शिरलो. वाई म्हणजे माझ्या मते या रस्त्यावरचं सर्वांत अंडररेटेड गाव. सगळे नुसते पार होतात. कृष्णेचे घाट, १७६२मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि वसईहून आणलेली ती पोर्तुगीज घंटा. ‘स्वदेस’चं शूटिंग तिथलंच. आम्ही नदीवर तासभर बसलो. दर्शन करून परत आलो तर बाबांचा हात पुढे.

‘चावी दे.’

आईनं माझ्याकडे बघितलं, मी चावी दिली.

वाई ते पाचगणी म्हणजे पसरणी घाट. दहा-बारा किलोमीटरमध्ये पाचेकशे मीटर चढायचे. खंबाटकीपेक्षा शांत, पण वळणं पक्की. बाबांनी पहिल्या दोन वळणांवर स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी काही बोललो नाही. तशा वेळी बोलायचं नसतं. चौथ्या-पाचव्या वळणाला उजवा हात खिडकीवर आला. खाली वाई, कृष्णेची चांदीची रेघ, उजेडात चमकणारं धोमचं पाणी. बाबांना एकदम आठवलं की १९८७मध्ये ते याच घाटातून स्कूटरवर आईला घेऊन गेले होते. आई म्हणाली, ‘आणि तीही गरम झाली होती.’ हॅरिसन्स फॉलीच्या जवळ थांबलो, तेव्हा बाबांनी इंजिन लगेच बंद केलं नाही. मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे आतलं पाणी फिरत राहून उष्णता बाहेर पडते. हे मी सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं.

पाचगणीत आम्ही टेबललँडवर चाललो, घोडेवाल्यांना नाही म्हणालो, क्रीम घेतलं, दुपारी झोपलो. टिपिकल. ते तुम्हाला माहीतच आहे.

रविवारी सकाळी सहाला खोलीत बाबा नव्हते. खाली पार्किंगमध्ये बॉनेट वर करून उभे, हातात मोबाइलचा टॉर्च. बाटलीतलं कूलंट काल निघताना होतं तिथेच, दोन रेघांच्या मध्ये. डिपस्टिक काढून त्यांनी तेल बघितलं. दुधाळ झालं असतं तर गॅस्केट गेलं असं समजायचं. स्वच्छ होतं. काठी पुसून परत ठेवत म्हणाले, ‘एवढ्यावर आलोच आहोत तर महाबळेश्वरहून आंबेनळीनं पोलादपूरला उतरू. तिथून ताम्हिणी चढून घरी.’

‘बाबा, उद्या मला ऑफिस आहे.’

‘मग तू मागे बस. मी चालवतो.’