तिरप्या उन्हातली चित्रं

रत्नागिरीला आलेली पाहुणेमंडळी बहुधा तेच तेच फोटो घेऊन परततात. थिबा राजवाडा, मांडवीची काळी वाळू, गणपतीपुळ्याचा समुद्र. माझ्याकडेही ते आहेतच. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला तो राजवाडा कुठूनही टिपा, देखणाच येतो! पण अल्बम चाळताना माझा हात थांबतो तो दुसऱ्याच दोन चित्रांवर.

एक उक्षीच्या सड्यावरचं. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे कातळात हत्ती कोरलेला आहे, फार प्राचीन. भर दुपारी गेलात तर समोर असूनही नीट दिसायचा नाही. सगळा कातळ सपाट, एका रंगाचा. ऊन कलू लागलं की खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि बघता बघता सोंड, पाठ, पाय उमटतात. तेव्हा सकाळी लवकर जावं, नाहीतर संध्याकाळी. कॅमेरा साधा असला तरी चालतो. रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यावर खडू फिरवणारेही महाभाग असतात. तसं मुळीच करू नये.

२०२२ मध्ये कोकणातली काही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात उक्षी आहे. पण यादीत नसलेले सडे कितीतरी. चिऱ्यांसाठी ते कापले जातात. आमच्या घराच्या भिंतीही चिऱ्यांच्याच, तेव्हा खाणवाल्यांना नावं कुठल्या तोंडाने ठेवायची? तरी यंत्र लावण्याआधी कुणीतरी कलत्या उन्हात एकदा सडा फिरून बघावा, एवढं वाटतं.

दुसरं चित्र घरातलंच, पण किमया त्याच तिरप्या उन्हाची. आमच्या कौलारू घराला एक काचेचं कौल आहे. सकाळी त्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरतो. त्या पट्ट्यात सासूबाईंचे हात आहेत. पेंढ्याची अढी घातलेली आणि त्या हापूस चाळताहेत. नजर अधू झालीय, म्हणून बोटांनी चाचपून, वास घेऊन ठरवतात, हा आजचा, हा परवाचा, हा डागी.

"माझा कसला फोटो काढत्येस? आंब्यांचा काढ," म्हणाल्या. मी आंब्यांचाच काढला. हात आपोआप आले.

घरातल्या लग्नामुंजींच्या फोटोंत सासूबाई शोधून सापडत नाहीत. फोटोग्राफर हाका मारायचा तेव्हा त्या पंगतीच्या गडबडीत, चुलीपाशी. एका ग्रुप-फोटोत तेवढ्या आहेत, त्याही मागच्या रांगेत, अर्ध्या. आणि गेल्या वर्षापासून अढीही बंद झाली. आंबे बागेतूनच पेटीत भरून जातात.

मोबाईलमधले फोटो मोबाईलबरोबरच जातात, म्हणून याची मोठी प्रत करून आणली. सासूबाईंनी ती खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ बघत होत्या.

"हा कोपऱ्यातला डागी वाटतोय," म्हणाल्या, "वेगळा काढला होता ना गं तेव्हा?"