अडीच लाख, दोन कॅमेरे आणि भिगवणची एक सकाळ

पहाटे चारला गजर वाजला, की दोनच शक्यता असतात. एक तर तुमची फ्लाइट आहे, नाही तर तुम्हाला पक्ष्यांचं वेड लागलंय. मला दोन्ही परवडत नाही! तरीही जानेवारीतल्या एका शनिवारी मी कुडकुडत हडपसरच्या सिग्नलला उभी होते. मांडीवर दोन कॅमेरे, मागच्या सीटवर दोन किलोची लेन्स आणि डोक्यात एकच प्रश्न... घ्यायचा की नाही?

तर झालंय असं. माझ्याकडे निकॉनचा झेड सिक्स टू आहे. हा कॅमेरा आला २०२०च्या ऑक्टोबरमध्ये. मी घेतला त्याच्या पुढच्या वर्षी, हप्त्यांवर, फ्रीलान्सिंगची पहिली मोठी असाइनमेंट मिळाल्याच्या जोशात. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी स्वतःलाच आइस्क्रीमची पार्टी दिली होती. आणि मग जून २०२४ मध्ये त्याचा धाकटा भाऊ आला, झेड सिक्स थ्री. भारतात नुसत्या बॉडीची किंमत जाहीर झाली जवळपास अडीच लाख. लेन्स वेगळी, कार्ड वेगळं, आईची बोलणी वेगळी!

कॉलेजमधला एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. त्याने नवा घेतलाय. लग्नाची तारीख नसलेल्या एका वीकएंडला तो मला म्हणाला, ‘‘घेऊन जा, वापरून बघ, मग ठरव.’’ माझा जुना कॅमेरा विकत घ्यायला एक दुकानदार तयार होता. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. म्हणजे हातात फक्त दोन दिवस. मग परीक्षा घ्यायला भिगवणहून चांगली जागा कुठली?

पाण्याखाली गावं, पाण्यावर पाहुणे

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे पसरत इथवर आलं. त्या पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली. पळसदेवचं जुनं मंदिर तर अजूनही पाणी उतरलं की डोकं वर काढतं. जे उरलं ते हे उथळ, चिखलाचं, माशांनी भरलेलं बॅकवॉटर. थंडीत इथे पाहुण्यांची रीघ लागते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, कुरव आणि सगळ्यांचे लाडके रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो. एक लक्षात ठेवा. पाऊस जोरदार झाला आणि धरण तुडुंब राहिलं, तर चिखलाचे पट्टे उघडे पडायला वेळ लागतो आणि फ्लेमिंगोही उशिरा दर्शन देतात. त्यांना पाय टेकवून चरायला उथळ पाणी लागतं. हट्ट करून चालत नाही, बॉस!

आम्ही कुंभारगावला पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. पाण्यावर धुकं, कुठेतरी बदकांची कुजबुज आणि होडीवाले दादा कानटोपी घालून तयार. दादांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

पहिली फेरी: जुना

पहिल्या फेरीला १८० ते ६०० मिलिमीटरची लेन्स मी जुन्या कॅमेऱ्यावर चढवली. बसलेल्या पक्ष्यांसाठी काहीच तक्रार नाही. चित्रबलाक एका पायावर तपश्चर्या करतोय, राखी बगळा जाळ्याच्या काठीवर पुतळ्यासारखा उभा आहे... फ्रेम लावा, क्लिक करा, खूश व्हा.

गंमत सुरू होते पक्षी उडाला की. झेड सिक्स टू माणसाचा डोळा शोधतो, कुत्र्या-मांजराचाही शोधतो, पण पक्ष्याची ओळख त्याला शिकवलेलीच नाही. म्हणजे फोकसच्या चौकटीत पक्षी ठेवायची जबाबदारी तुमची. हलत्या होडीत, दोन किलोची लेन्स हातात धरून! कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगड टाकल्यासारखा खाली सूर मारतो. त्याचा सूर मला चार वेळा दिसला. माझ्या कार्डावर मात्र चारही वेळा पाण्याची वर्तुळंच उरली. त्यात कॅमेऱ्याचा दोष किती आणि माझ्या बोटाचा किती, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर... बोटाचा बराच.

दुसरी फेरी: नवा

किनाऱ्यावर येऊन लेन्स बदलली. नवा कॅमेरा हातात किंचित जड लागतो. बॅटरी-कार्डासकट जुना ७०५ ग्रॅम, नवा ७६० ग्रॅम. पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि तोंडातून ‘वॉव’ निघालं. जुन्यात ३६.९ लाख ठिपके होते, इथे ५७.६ लाख, आणि उजेड इतका लख्ख की उन्हात पाण्याकडे पाहतानाही डोळे बारीक करावे लागत नाहीत.

आणि पक्षी? फ्रेममध्ये चक्रवाक आला, की त्याच्या डोळ्यावर छोटी चौकट आपोआप जाऊन बसते. तो उडाला, वळला, दुसऱ्यामागे गेला... बहुतेक वेळा चौकट त्याला चिकटून. मला फक्त पक्षी फ्रेममध्ये ठेवायचा होता. हे म्हणजे स्कूटर शिकवणारा बाबा मागून कॅरिअर धरून पळतोय, असं काहीसं फीलिंग!

याचं रहस्य सेन्सरमध्ये आहे. दोन्हींचे मेगापिक्सेल सारखेच, २४.५. पण नव्याच्या सेन्सरमध्ये चित्राच्या भागाच्या वर आणि खाली माहिती झटपट वाचणारी सर्किट्स बसवली आहेत. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यामुळे वाचण्याचा वेग जुन्याच्या साडेतीन पट झालाय. फायदा? आवाज न करता फोटो काढले, तरी झपाझप हलणारे पंख वाकडे-तिकडे दिसण्याचं प्रमाण खूप कमी होतं. आणि एक जादूचं बटणही आहे. शटर अर्धं दाबून ठेवलंत, तर पूर्ण दाबण्याच्या आधीचा जास्तीत जास्त एक सेकंद कॅमेरा साठवून ठेवतो. फोटो जेपेगमध्येच मिळतात, रॉमध्ये नाहीत, पण मिळतात!

तर पाचव्या खंड्याने सूर मारला. मी नेहमीसारखीच उशिरा दाबलं. स्क्रीनवर पाहिलं... चोच पाण्याला टेकायच्या आधीचा क्षण. मी होडीतच ओरडले. समोरचे शंभरेक कुरव उडाले आणि दादा हसले.

मनात निर्णय झाला होता. जुना विकायचा. सोमवार कशाला, आजच फोन करू!

चहा आणि एक उधारी

किनाऱ्यावर चहा घेताना दादा शेवटी बोलले. ‘‘ताई, तुम्ही दोन सालामागं आल्ता न्हवं? आमच्या आण्णांचा फोटू काढला व्हता. जाळं शिवत बसल्याला.’’

आठवलं. सकाळच्या उन्हाकडे पाठ करून बसलेले, पांढऱ्या मिशांचे आजोबा. फोटो पाठवते म्हणून मी घरचा पत्ताही लिहून घेतला होता. आणि नंतर... तुम्हीही कधी तरी कुणाला असं म्हणाला असाल. ‘पाठवते हं नक्की.’

‘‘आण्णा आषाढात गेलं,’’ दादा म्हणाले. ‘‘आमच्याकडं त्यांचा चांगला फोटू न्हाई. आधारकार्डावरचाच हाय. तुमच्याकडं असंल तर बघा.’’ आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. मला चहा गिळवेना.

परतीच्या वाटेवर चिलापीचं कालवण आणि भाकरी समोर असूनही माझ्या डोक्यात हार्ड डिस्कच फिरत होती. असेल ना तो फोटो? की जागा करायला उडवला?

सावलीतला हिशेब

रात्री अकराला सापडला. आणि बघून पोटात गोळा आला. मागे तांबडं आभाळ झकास, पण आण्णांचा चेहरा जवळजवळ काळा. तेव्हा मी आभाळ बघून एक्स्पोजर लावलं होतं, माणूस बघून नाही. म्हणूनच बहुधा तो कुठे वापरला नव्हता.

फाइल रॉ होती, आयएसओ १००. सावल्या हळूहळू वर उचलल्या. आधी मिशी दिसली. मग डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या. मग दातात धरलेला दोरा. चेहरा पूर्ण वर आला, आणि रंगीत दाण्यांचा चिखल झाला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नव्या सेन्सरचा वेग फुकट मिळालेला नाही. कमी आयएसओवर काढलेल्या फोटोच्या गडद सावल्या खूप वर उचलल्या, तर झेड सिक्स थ्रीमध्ये झेड सिक्स टूपेक्षा जास्त नॉइज दिसतो, हे चाचण्या करणाऱ्यांनी मोजून दाखवलंय. रोजच्या फोटोंत हा फरक जाणवणार नाही. पण असा एखादा बिघडवलेला फोटो वाचवायचा असेल, तर जुना थोडा जास्त माफ करतो. आणि मला माफीची गरज वारंवार पडते!

मग शांतपणे हिशेब मांडला. मी पोट कशावर भरते? माणसं, गल्ल्या, खाऊचे ठेले, कारागीर. उडणारे पक्षी वर्षातून दोन-तीन वेळा. जो लग्नं, खेळ, पक्षी किंवा व्हिडिओवर कमावतो, त्याने झेड सिक्स थ्री डोळे मिटून घ्यावा. शिवाय त्याची हात स्थिर ठेवणारी यंत्रणाही कंपनीच्या आकड्यांत पाच स्टॉपवरून आठवर गेलीय. मला मात्र त्या खंड्यासाठी कॅमेरा दोन दिवस भाड्याने परवडेल. अडीच लाखांचा हप्ता नाही परवडणार.

सोमवारी दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. मित्राला कॅमेरा परत केला, थोडा रडवेला चेहरा करूनच. आणि पुढच्या रविवारी बारा बाय अठराची फ्रेम मांडीवर घेऊन एसटीने भिगवणला गेले. या वेळी बरोबर लेन्स नव्हती. दादांच्या आईने फ्रेम हातात घेतली, पदराने काच पुसली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘दोरा दातानंच तोडायचे. किती येळा सांगितलं कातरी घ्या म्हनून.’’

मी फोटो काढला नाही.

कसं जाल?
पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण, तिथून कुंभारगाव किंवा डिकसळ. गाडीने सव्वादोन-अडीच तास धरा. नोव्हेंबर ते मार्च हा सीझन. निघण्याआधी होडीवाल्यांना फोन करून पाण्याची आणि फ्लेमिंगोंची खबर घ्या. होडीत उजेडाआधी बसा, भडक कपडे टाळा आणि पक्षी उडवायला होडी जवळ न्यायचा आग्रह धरू नका. जास्तीची बॅटरी न्याच. आणि हो, कुणाला फोटो पाठवायचं कबूल केलं असेल, तर निघायच्या आधी तो पाठवून टाका!