कन्हानचा डोंगा, कुंडलिकेची राफ्ट

नागपूरच्या माणसाला उसळतं पाणी अंगावर घ्यायचं असेल तर आधी रेल्वेचं रिझर्व्हेशन काढावं लागतं. कोणी ऋषिकेशला गंगेवर जातो, कोणी मनालीकडे बियासवर. महाराष्ट्रातच राहायचं असेल तर विदर्भ एक्सप्रेसने कल्याण, तिथून गाडी करून पनवेल, पेण, नागोठणे आणि मग कोलाड. आठशेहून अधिक किलोमीटर जायचं आणि कुंडलिका नदीत दोनेक तास भिजून परत यायचं. आमच्या घरच्या तरुण मंडळींनी दिवाळीच्या सुट्टीत हा बेत आखला, तेव्हा मलाही धरून नेलं. "काका, तुम्हाला पोहता येते ना, मग कायचा विचार करता?" पोहता येत नसलं तरी चालतं, असं तिथे गेल्यावर कळलं. आमच्या काळात पोहता येणं हा एवढा एकच बंदोबस्त असायचा, आणि तोही सगळ्यांकडे नसायचा.

आमचा काळ म्हणजे १९७०च्या आगेमागे. तेव्हा सुट्टीतली नदी म्हणजे कन्हान. मोठ्या मामांच्या मागे आम्ही सगळे आते-मामेभाऊ, कामठीच्या पुढे उतरून पुलाजवळून पात्रात. उन्हाळ्यात नदी एका बाजूला सरकलेली असायची आणि बाकी सगळी रेती, पाय भाजणारी. त्या रेतीत डांगरवाड्या. ढीवर कुटुंबं पात्रातच झोपड्या घालून राहायची. रेतीत खड्डे करून, त्यात शेणखत भरून टरबूज, डांगर, काकड्या पिकवायची. पावसाळ्यात मासोळी, उन्हाळ्यात डांगर. वर्षभर नदीच त्यांना खाऊ घाले. टरबूज विकत घेतलं की तेच लोक ते पाण्यात ओल्या रेतीखाली दाबून ठेवायला सांगत. पोहून येईपर्यंत ते असं गार व्हायचं की फ्रिजवाल्या घरातल्यालाही हेवा वाटावा. तसं आमच्या ओळखीत फ्रिज होताच कोणाकडे?

खरं आकर्षण मात्र डोंग्याचं. अखंड खोड कोरून केलेला, लांबट, अरुंद, काळा पडलेला डोंगा. बसायला फळी नाही, धरायला कठडा नाही. मागे एक ढीवर भाऊ लांब बांबू घेऊन उभा. मामा त्याला चार-आठ आणे द्यायचे आणि आम्ही दाटीवाटीने तळात उकिडवे बसायचो. पाणी झिरपतच असायचं. ते उपसायला डालडाचा रिकामा डबा ठेवलेला असे आणि तो हातात मिळावा म्हणून भांडणं व्हायची. सुरक्षिततेची सूचना एकच, तीही निघाल्यावर मिळायची. "हलू नका बे पोट्टेहो. उभा राहिला तो बुडला." बस. मग पैलतीरापर्यंत कोणी श्वासही मोठा घेत नसे.

बहिणी तेव्हा काठावर असत. त्यांच्याकडे चपला, कपडे आणि पुऱ्यांचा डबा सांभाळायचं काम. डोंग्यात बसू का, असं एखादीने विचारलं तर मामी म्हणायची, "परकर भिजला तं घरी कशी जाशील?" एवढ्यावर प्रश्न मिटायचा. जुन्या आठवणी काढताना आम्ही पुरुष मंडळी हा भाग गाळतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला, अंभोऱ्याची फेरी व्हायची. कुही तालुक्यातल्या या ठिकाणी वैनगंगेला कन्हान मिळते. आम, मुर्झा आणि कोलारी याही तिथेच येतात, म्हणून पाच नद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, हरिनाथांची समाधी. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, 'विवेकसिंधू' इथेच लिहिला असं आम्हाला लहानपणी छातीठोकपणे सांगितलेलं. अंबाजोगाईकरांना हे मान्य नाही, हे पुढे कॉलेजात समजलं, पण आपण आपल्या नदीच्या बाजूने. पूल नव्हता. भंडाऱ्याकडची जत्रा डोंग्यांतूनच यायची. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं, वांग्यांची पोती, पानगे भाजायच्या गोवऱ्या, सगळं एकाच डोंग्यात. काठ पाण्यापासून चार बोटं वर. कोणाला काही वाटत नसे.

आता कोलाड. सकाळी लवकर उठवून आम्हाला एका शेडमध्ये नेलं आणि हातात अर्ज दिला. वय, वजन, दमा, रक्तदाब, हृदयाचं काही, पाठीचं ऑपरेशन झालंय का, घरच्यांचा फोन नंबर. खाली, जे होईल ते आमच्या जबाबदारीवर, अशी सही. मग जाकीट. गाइडने प्रत्येकाच्या खांद्याचा पट्टा धरून वर उचलून पाहिला. जाकीट कानापर्यंत सरकलं तर पट्टे पुन्हा आवळायचे. हेल्मेट घातल्यावर साठी उलटलेला माणूस फारच केविलवाणा दिसतो, पण आरसा नव्हता हे बरं.

गाइड नेपाळचा, जोडीला त्याच भागातला एक मुलगा. काठावरच अर्धा तास शाळा घेतली. 'फॉरवर्ड' म्हटलं की सगळ्यांनी एका लयीत वल्हं मारायचं, 'बॅक' म्हटलं की उलटं, 'गेट डाऊन' म्हटलं की राफ्टच्या तळात बसायचं आणि दोरी धरायची. वल्ह्याच्या टोकाच्या मुठीवरचा हात सुटू द्यायचा नाही, कारण ती मोकळी सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात. पडलात तर घाबरून उभं राहायला जाऊ नका, पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर. उभं राहिलं आणि पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला वाकवून दाबून धरतं. कंबरभर पाण्यातही जीव जातो. ऐकताना मला कन्हानचा तो भाऊ आठवला. त्याने यातलं कारण कधी सांगितलं नव्हतं. पण उभं राहायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

राफ्ट पाण्यात लोटायला मात्र आम्ही थांबून राहिलो. पाणी यायचं होतं. हे मला मोठंच नवल वाटलं. समोर नदी वाहत होती, पण ती पुरेशी नव्हती. वर पाणी सुटेल तेव्हा खरी नदी येणार. कुंडलिकेचं हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. घाटमाथ्यावर टाटांनी मुळशीला मुळा नदी अडवली आणि ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला आणलं. तिथलं वीजकेंद्र १९२७ पासून चालू आहे. जनित्रं फिरवून झाली की पाणी खालच्या छोट्या धरणात साठतं आणि तिथून सोडलं की कुंडलिकेत येतं. म्हणजे मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं पाणी इथे अरबी समुद्राकडे जातं. आमची कन्हानसुद्धा वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी अशी पूर्वेकडेच जाते, तेव्हा ही मुळा आमची चुलतबहीण म्हणायला हरकत नाही. ती अर्ध्या वाटेतून वळवून दुसऱ्या घरी दिली एवढंच.

याच धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची गावं बुडाली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. धरणग्रस्तांचा लढा म्हणून आपल्याकडे पहिलं नाव त्याचंच घेतलं जातं. बापट तुरुंगात गेले, धरण झालं. राफ्टवर बसणाऱ्या कोणालाही हे सांगितलं जात नाही, आणि सांगावं अशी अपेक्षाही नाही. लोक सुट्टीवर आलेले असतात. मी मात्र पाण्याची वाट पाहता पाहता पुतण्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काका, वीज नको असली त्या दिवशी राफ्टिंग बंद?" प्रश्न अगदी बरोबर होता.

पाणी आलं तेव्हा आवाजाआधी रंग बदलला. काठचे दगड एकेक करून गेले आणि सगळे "चला, चला" म्हणत राफ्टवर. पुढचे १२-१४ किलोमीटर मी फारसा विचार केला नाही. पहिल्याच रॅपिडला राफ्टचं नाक खाली गेलं, पुढचं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं आणि आमच्या अंगावरून मागच्यांच्या अंगावर गेलं. जगभर नद्यांच्या या उसळ्यांची १ ते ६ अशी प्रतवारी करतात. कुंडलिकेच्या बहुतेक २ आणि ३ मधल्या, म्हणजे ओरडायला पुरेशा आणि मरायला अपुऱ्या. आत आलेलं पाणी उपसायला मी सवयीने डबा शोधला. राफ्टचा तळ हवेने फुगवलेला आणि कडेला भोकं. पाणी आपलं आपण निघून जातं. बिचारी डालडाच्या डब्यावरची भांडणं इतिहासजमा.

सर्वांत पुढे, जिथे पाणी पहिल्यांदा तोंडावर बसतं तिथे, माझी पुतणी होती. मागे गाइड ओरडायचा आणि ती त्याच्यापेक्षा मोठ्याने मोजायची, एक-दोन, एक-दोन. संथ पाणी आलं तेव्हा गाइडने उडी मारायची परवानगी दिली आणि पहिली उडी तिच्या आईने मारली, जिला पोहता येत नाही. जाकिटाच्या जोरावर ती बराच वेळ आभाळाकडे तोंड करून तरंगली. कन्हानच्या काठावर चपला सांभाळत बसलेल्या माझ्या बहिणी मला तेव्हा एकेक आठवल्या. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मी बहुतेक वेळा असतो, पण या बाबतीत नाही.

तरी हळहळ वाटते ती नदीची. डोंग्याची जागा राफ्टने घेतली असती तर बोलायला काही नव्हतं. पण आमच्याकडे डोंगाही गेला आणि त्याच्याखालचं पाणीही. कन्हानला येणारं पेंचचं पाणी १९८९ च्या सुमारास तोतलाडोहला अडलं. नागपूरचे नळ, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आणि पारशिवनी-मौद्याकडचं धान त्याच्यावर जगतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पुढे मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवर चौराईचं धरण झालं आणि २०१९ च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी प्यायची वेळ आली. कन्हानचं पात्र उन्हाळ्यात बघवत नाही. डांगरवाड्या होत्या त्या रेतीत पोकलेन आणि टिप्पर. अंभोऱ्याला गोसेखुर्द धरणाचं पाणी तुंबून संगमाचं तळं झालंय आणि त्यावर केबलचा देखणा पूल. उंच मनोऱ्यातल्या गॅलरीतून पाचही नद्या एकदमच दिसतात, कुठली कुठे संपते ते कळत नाही. सेल्फी मात्र छान येतात.

पण त्या जुन्या पाण्याबद्दल गोड गोड बोलून थांबता येत नाही. दर उन्हाळ्यात कन्हान आमच्या वयाची पोरं घेऊन जायची. शाळा उघडली की एखादा बाक रिकामा असायचा आणि मास्तर हजेरीत ते नाव गाळून पुढे जायचे. हे 'तेव्हा'चं झालं. आताचं काय वेगळं आहे? जुलै २०१७ मध्ये कळमेश्वरकडच्या वेणा जलाशयात फिरायला गेलेल्या नागपूरच्या तरुणांची नाव उलटली. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत, दशक्रियेसाठी आलेल्या एकाच नात्यागोत्यातली ११ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या शेतमजूर बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला. यांतली वर्धा नदीतली माणसं क्रियाकर्माला आलेली, वैनगंगेच्या बाया मजुरीला निघालेल्या. या दोघांपैकी सुट्टी कोणाची नव्हती.

नागपुरातसुद्धा २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घरांत शिरली, तेव्हा लोकांना बाहेर काढायला रबरी बोटी आणि नारिंगी जाकिटंच आली. संकट आल्यावर ती येतात, हे आपण पाहिलंय. कोलाडला तीच जाकिटं हौसेसाठी शेडमध्ये रांगेने टांगलेली असतात, आणि ज्यांना रोज नदी ओलांडूनच शेतात, बाजारात, शाळेत जावं लागतं त्यांच्या डोंग्यात अजूनही एक बांबू आणि उपसायचा डबा.

विदर्भात रेतीघाटांचे लिलाव होतात आणि नदीच्या जिवावर सरकारजमा होणारी रक्कम काही लहान नसते. त्यातून वैनगंगा, वर्धा आणि कन्हानच्या प्रत्येक चालू घाटावर जाकिटं ठेवावीत, डोंग्यात किती माणसं बसवायची ते पाटीवर लिहावं आणि ढीवर पोरांना कोलाड-ऋषिकेशच्या गाइडांसारखं प्रशिक्षण द्यावं. पाणी त्यांना आधीच वाचता येतं, त्यांना लागतो तो फक्त दोर, जाकीट आणि पगार. जिल्हा परिषदांनी एवढं मनावर घ्यावं. आणि तुम्ही खिंडसीला, अंभोऱ्याला किंवा कोलितमाऱ्याला नावेत बसायला गेलात, तर आधी जाकीट मागा. नाही म्हणाले तर बसू नका.