दत्तक काळीज

सनबीम टायगर नुसती पाहिली तर फसगत होते. ठेंगणा, नाजूक बांधा, मागे जेमतेम उठलेल्या कडा, दोघांपुरती जागा आणि छप्पर उतरवलं की वर मोकळं आभाळ. रविवारी दुपारी गावाबाहेर फेरफटका मारायला काढावी, अशी ही इंग्लंडची गाडी. पण चावी फिरवली की त्या एवढ्याशा देहातून आठ सिलिंडरचा खर्ज घुमतो. झाशीतल्या घरी रात्री उशिरा, यार्डातल्या मालगाड्यांचे धक्के थोडे शांत झाले की, मी तिचं ध्वनिमुद्रण लावून बसतो. तो आवाज इंग्लंडचा नाही. तो अमेरिकेचा, फोर्डचा आहे.

मूळची ही सनबीम अल्पाइन. कॉव्हेंट्रीच्या रूट्स समूहाने १९५९ साली आणलेली, देखणी. पण इंजिन लहान, चार सिलिंडरचं. रूप होतं, दम कमी पडत होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रूट्सचा कारभार पाहणाऱ्या इयन गॅराड यांना ही उणीव सलत होती. त्यांचे सहकारी वॉल्टर मॅकेन्झी मोजपट्टी घेऊन निघाले आणि दुकानोदुकानी गाड्यांची बॉनेटं उघडून इंजिनांची मापं घेत हिंडले. सगळ्यांत फोर्डचं २६० घनइंचांचं, म्हणजे सव्वाचार लिटरचं व्ही-८ तेवढं बसेलसं दिसलं. एसी कंपनीच्या ब्रिटिश गाडीत फोर्डचं इंजिन घालून कोब्रा घडवणाऱ्या कॅरल शेल्बींनी १९६३ साली याही जोडीचा नमुना तयार केला. पुढच्याच वर्षी टायगर विक्रीला आली.

पण मापात बसणं वेगळं आणि सामावणं वेगळं. एवढ्या इंजिनाला जागा द्यायची म्हणून स्टिअरिंगची सगळी रचनाच बदलावी लागली. गाड्यांची जुळणी वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कारखान्यात होई. तिथे रंग देऊन तयार झालेल्या सांगाड्यावर कामगार घण चालवत आणि इंजिनामागचा पत्रा ठोकून आत दाबत, तेव्हा कुठे इंजिन जागेवर उतरे. एक स्पार्क प्लग तर इतका कोपऱ्यात गेला की तो बदलायला गाडीच्या आतून, पत्र्याला पाडलेल्या भोकातून हात घालावा लागे. जाणकार याला अडचण म्हणतील. मला त्या घणाच्या ठोक्यांत माया दिसते. बाहेरच्याला घरात घ्यायचं तर घराच्या भिंतींना थोडं सरकावंच लागतं.

हे मला इतकं जवळचं वाटतं, कारण मी ज्या शहरात मराठी बोलत वाढलो ते शहरच असं घडलं आहे. झाशीचा किल्ला ओरछाच्या बुंदेल्यांचा. वीरसिंह देवांनी १६१३ साली बांधलेला. छत्रसालांनी बाजीरावांच्या मदतीची जाण ठेवून आपल्या राज्यातला वाटा पेशव्यांना दिला आणि मराठे बुंदेलखंडात आले. सुभेदार नारो शंकरांनी किल्ला वाढवला. तो भाग आजही शंकरगड म्हणून ओळखला जातो. कोकणातून आलेल्या नेवाळकरांनी इथे राज्य केलं. बुंदेली दगडाच्या छातीत मराठी काळीज धडधडू लागलं आणि ते उपरं राहिलं नाही. आमच्या घरातली मराठीही बुंदेली हेल घेऊन बोलते, आणि मला ती तशीच प्यारी आहे.

टायगरचा शेवट मला म्हणूनच जिव्हारी लागतो. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने रूट्समध्ये पाय रोवले आणि १९६७ साली ताबा घेतला. आता आपल्या गाडीत प्रतिस्पर्ध्याचं इंजिन कसं चालावं? गाडीच्या अंगावर फोर्डचं नाव सांगणारा बिल्ला होता. तो जाऊन नुसता ‘सनबीम व्ही-८’ आला. क्रायस्लरचं स्वतःचं इंजिन त्या जागेत बसेना. त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या बाजूला होता, फोर्डचा पुढे. दुसऱ्यांदा भिंत सरकवण्याची कुणाची तयारी नव्हती. त्याच वर्षी उत्पादन थांबलं. सुमारे ७,००० गाड्या निघाल्या, तेवढ्याच.

या शहरात बसून ही हकीकत वाचणाऱ्याला १८५३ चा नोव्हेंबर आठवल्यावाचून राहत नाही. अंथरुणाला खिळलेल्या झाशीच्या राजांनी, गंगाधररावांनी, मृत्यूच्या आदल्या दिवशी आनंदराव या बालकाला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव दामोदर ठेवलं. इंग्रज गव्हर्नर-जनरल डलहौसीने ते दत्तक मानलं नाही; १८५४ साली झाशी खालसा झाली. एका गाडीचं बंद पडणं आणि एका राज्याचं जाणं यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला पुरतं कळतं. तरी दोन्हीकडे नकार एकाच ठिकाणाहून येतो: जे रक्ताचं नाही ते आपलं नाही, असं मानणाऱ्या मनातून.

काळाने मात्र या नकाराला मान दिलेला नाही. आज साध्या अल्पाइनमध्ये व्ही-८ बसवून ती टायगर म्हणून खपवण्याचे प्रयत्न होतात, आणि खरी टायगर ओळखण्यासाठी अमेरिकेतल्या मालकांच्या संघटनेने तपासनीस नेमले आहेत. ओळखीच्या काही खुणा ते गुप्त ठेवतात. एकेकाळी नको झालेलं ते दत्तक काळीजच आता गाडीच्या खरेपणाची कसोटी ठरलं आहे. आणि दामोदरराव इंदूरला राहिले, तुटपुंज्या तनख्यावर जगले, १९०६ साली गेले. राज्य त्यांना परत मिळालं नाही. पण त्यांचे वंशज आडनाव लावतात ‘झाशीवाले’. कागदावर डलहौसीची सही आहे. माणसं मात्र दत्तकाचाच वारसा सांगतात, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो.